फ्रान्सची द्राक्षे, महाराष्ट्राची वाईन आणि आपले हृदय

"डॉक्टर, रोज थोडी रेड वाईन घेतली तर हृदयाला चांगली असते ना?" हा प्रश्न आता सोनारीसारख्या गावातही मला विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी कुणाला बीपी असते, कुणाला शुगर, तर कुणाची नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली असते. नुसते "नाही" म्हटले तर पटत नाही, कारण प्रत्येकाने हे कुठेतरी वाचलेले किंवा मोबाईलवर पाहिलेले असते. म्हणून हा समज आला कुठून, हे आज इतिहासातूनच समजून घेऊ. त्यासाठी सुरुवात द्राक्षापासून करावी लागेल.

पांढरी आणि लाल वाईन : फरक सालीचा

काळ्या द्राक्षाचा एक मणी बोटांत दाबून पाहा. साल काळी असली तरी आतला रस जवळजवळ बिनरंगी असतो. रंग सालीत असतो. द्राक्षे ठेचून रस सालीसकट आंबवला की रेड वाईन होते. रस आधी पिळून, साल बाजूला काढून आंबवला की व्हाईट वाईन होते. म्हणूनच फ्रान्सच्या शँपेन भागात काळ्या द्राक्षांपासूनही पांढरी वाईन बनवतात. आंबवण्याचे काम यीस्ट करते. द्राक्षातली साखर खाऊन ते अल्कोहोल तयार करते. सालीबरोबर टॅनिन आणि रेस्व्हेराट्रॉल हे पदार्थही रेड वाईनमध्ये उतरतात. रेस्व्हेराट्रॉल हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

फ्रान्सच्या जाती

फ्रान्समध्ये वाईन बहुधा गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाने ओळखली जाते आणि प्रत्येक प्रदेशाच्या जाती ठरलेल्या असतात. बोर्दोमध्ये लाल वाईनसाठी कॅबर्ने सोव्हिन्यॉन आणि मर्लो, तर पांढरीसाठी सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि सेमियाँ. बर्गंडीत लाल म्हणजे पिनो न्वार आणि पांढरी म्हणजे शार्दने. रोन नदीच्या खोऱ्यात सिरा, जिला आपल्याकडे शिराज म्हणतात. लुआर नदीच्या खोऱ्यात शेनँ ब्लाँ.

यातली कॅबर्ने सोव्हिन्यॉन ही जगभर पसरलेली काळी जात. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून तिचे आईबाप शोधले. एक निघाली काळी कॅबर्ने फ्राँ आणि दुसरी चक्क पांढरी सोव्हिन्यॉन ब्लाँ!

या द्राक्षांचा मणी लहान, बियांचा आणि रसाच्या मानाने साल जास्त असलेला असतो. आपली थॉमसन किंवा सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका ही खाण्याची द्राक्षे. त्यांची साल पातळ आणि बी नाही. खायला छान, पण चांगल्या वाईनसाठी जाती वेगळ्या लागतात.

एका किडीने शिकवलेला धडा

१८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या बारीक किडीने फ्रान्सच्या वेलींची मुळे खायला सुरुवात केली. १८६८ मध्ये झ्यूल प्लांशों या वनस्पतीशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही कीड मुळांवर शोधून काढली. १८७५ ते १८८९ या काळात फ्रान्सचे वाईनचे उत्पादन एक-तृतीयांशाच्याही खाली आले. उपाय सापडला तो अमेरिकेतच. तिथल्या रानटी वेलींची मुळे ही कीड सहन करत होती. मग अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या.

आपल्या धाराशिव, बार्शी, सोलापूर पट्ट्यातल्या बागायतदाराला हे नवे वाटणार नाही. आपण ज्या डॉगरिज खुंटावर कलम भरतो तोही मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. आपल्याकडे तो कमी पाणी आणि खारवट जमीन सहन करतो म्हणून आला.

महाराष्ट्रात वाईन कशी आली

द्राक्ष आपल्याला जुने आहे. चौदाव्या शतकात आलेला प्रवासी इब्न बतूता दौलताबादला वर्षातून दोनदा फळ देणाऱ्या द्राक्षांचा उल्लेख करतो. फ्रान्समध्ये कडक थंडीत वेल झोपते आणि साधारण सप्टेंबरमध्ये फळ तोडतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी करतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी घेतो. फ्रेंच जातींनाही इथे आपलेच वेळापत्रक पाळावे लागले.

१९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला इंडेज उभी केली आणि फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने शँपेनच्या पद्धतीची फेसाळ वाईन बनवली. ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात गेली. १९९०च्या दशकात राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाजवळ सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ लावली. 'सुला'ची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, करात सवलती दिल्या आणि विंचूर व पलूस येथे वाईन पार्क ठरवले. पुढे आपल्या शेजारच्या अकलूज भागातही 'फ्रातेली'ने पिएरो मासी या इटालियन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली युरोपीय जातींच्या बागा केल्या. शेतकऱ्याला आणखी एक बाजार मिळाला, ही चांगलीच गोष्ट. मात्र वेलीबरोबर एक गोष्टही इथे आली, "वाईन म्हणजे दारू नाही, ती तब्येतीला चांगली." २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा झालेल्या वादात हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले.

"वाईन औषध आहे" हे कुणी ठरवले?

एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांनी वाईन का बिघडते याचा अभ्यास केला आणि ती हलकेच तापवून टिकवण्याची पद्धत काढली. आज दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराईज्ड' लिहिलेले असते ते त्यांच्याच नावावरून. वाईन हे सर्वांत निरोगी पेय आहे, असे त्यांचे मत होते. पण काळ लक्षात घ्या. तेव्हा पिण्याच्या पाण्यातून कॉलरा आणि टायफॉईड पसरत होता. त्या पाण्यापेक्षा वाईन सुरक्षित होती. आज तुमच्या घरात उकळलेले किंवा फिल्टरचे पाणी आहे. ते कारण आता उरलेले नाही.

दुसरा टप्पा अलीकडचा. फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसतात, याला 'फ्रेंच विरोधाभास' म्हटले गेले. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात याचे श्रेय रेड वाईनला दिले गेले आणि तिथे तिची विक्री झपाट्याने वाढली. १९९२ मध्ये सर्ज रनो आणि मिशेल द लोर्जेरिल यांचा याच विषयावरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. मग रेस्व्हेराट्रॉलचे नाव जगभर झाले.

गंमत अशी की त्याच १९९१ साली फ्रान्सने स्वतः दारूच्या जाहिरातींवर कडक बंधने घालणारा कायदा केला. त्यात वाईनही आली. १९६०च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाईन प्यायली जायची, आज ती निम्म्याहूनही कमी आहे.

मग चूक कुठे झाली?

पहिली गोष्ट म्हणजे तुलना. जुन्या अभ्यासांत थोडी पिणारे लोक न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसले. पण 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. शिवाय जेवणाबरोबर थोडी वाईन घेणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी आणि वेळेवर तपासणी करणारा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मात्रा. लिटरभर रेड वाईनमध्ये रेस्व्हेराट्रॉल फार तर काही मिलिग्रॅम असते. प्रयोगशाळेत उंदरांना त्यांच्या वजनाच्या मानाने त्याहून कितीतरी जास्त दिले गेले होते.

तिसरी गोष्ट म्हणजे अल्कोहोल. ते द्राक्षातून आले की उसाच्या मळीतून, शरीराला फरक पडत नाही. १५० मिली वाईनच्या ग्लासात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असते, तर ३० मिली व्हिस्कीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. म्हणजे एक ग्लास वाईन ही एका लहान पेगपेक्षा जास्तच झाली. अल्कोहोलयुक्त पेयांमुळे माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की दारूची कोणतीही मात्रा पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही.

कुणी म्हणेल, द्राक्षासवातही अल्कोहोल असते. असते, पण ते वैद्यांच्या सल्ल्याने, चमच्याने मोजून, ठरावीक दिवस घेतात. ग्लास भरून रोज घेत नाहीत.

तुम्ही काय करावे

- पीत नसाल तर हृदयासाठी म्हणून सुरू करू नका. असा सल्ला कुणी दिला तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.
- शुगरच्या गोळ्या (विशेषतः ग्लिमेपिराईड) किंवा इन्सुलिन चालू असेल तर वाईननेही साखर अचानक खाली जाऊ शकते. उपाशीपोटी धोका जास्त.
- बीपी, ट्रायग्लिसराईड वाढलेले, लिव्हरला सूज, गरोदरपण किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर वाईन पूर्ण टाळा.
- अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणे, झटके, भ्रम असा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.
- सालीचा फायदा हवा असेल तर काळी द्राक्षे धुऊन सालीसकट खा. मधुमेह असेल तर आठ-दहा मणी पुरेत, आणि तेही जेवणानंतर लगेच नको.

हृदयाला खरोखर जपणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. रोज अर्धा तास भरभर चालणे, तंबाखू सोडणे, मीठ कमी करणे आणि बीपीची गोळी न चुकता घेणे. यातल्या कशाचीही बाटली मिळत नाही.