शिक्षा कोणाची?

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांच्या सणादिवशीच लिस्बन शहर भूकंपाने हादरले. प्रार्थनेला जमलेल्यांवर चर्चची छते कोसळली. जेझुइट धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदाने १७५६ मध्ये पुस्तिका काढून ही पापांची शिक्षा ठरवली. मग मला प्रश्न पडतो, गुडघे टेकलेलेच का मेले?

लूकच्या शुभवर्तमानात सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा जण मरतात. ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे येशू, म्हणजेच हजरत ईसा (अ.), स्पष्ट सांगतात. पश्चात्तापाचा इशारा मात्र जिवंतांना देतात.

ईश्वराच्या न्यायावर माझा विश्वास आहे. ढिगाऱ्यावर उभे राहून त्याचा निकाल वाचणाऱ्या माणसांवर नाही. आपले संकट ती परीक्षा, दुसऱ्याचे ती शिक्षा, हा हिशेब आपल्याकडेही चालतोच.