आडि, ज्विये, ऊत : कावेरीच्या मुखाशी शिकलेले फ्रेंच महिने

फ्रेंच भाषेच्या सुरुवातीच्या धड्यांत महिन्यांची नावे असतात: जाँव्हिये, फेव्रिये, मार्स, आव्रिल, मे, ज्वँ, ज्विये, ऊत, सेप्ताँब्र, ऑक्तोब्र, नोव्हाँब्र, देसाँब्र. तुमच्यापैकी कोणी ऐच्छिक विषय म्हणून फ्रेंच घेतली असेल, तर ही यादी पाठ केली असेल आणि परीक्षा संपल्यावर विसरलीही असेल. पूर्वीच्या तंजावर जिल्ह्यातील काही गावांत मात्र ही यादी येणे किंवा न येणे ही साधी गोष्ट नव्हती. ती गावे म्हणजे कारैकाल आणि त्याच्या आसपासचा सुमारे १६० चौरस किलोमीटरचा मुलूख. तिरुनळ्ळार, नेरावी, नेडुंगाडु, कोट्टुचेरी ही त्यांतली काही नावे. चारी बाजूंना ब्रिटिशांचा तंजावर जिल्हा आणि समुद्र, मधे भातशेतीच्या प्रदेशात फ्रेंच सत्ता.

हा मुलूख फ्रेंचांकडे गेला त्यात मराठ्यांचा हात आहे, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. तिच्याच वारसाच्या भांडणात शहाजी भोसल्यांनी १७३८ मध्ये मदतीच्या बदल्यात पाँडिचेरीचे गव्हर्नर द्युमा यांना कारैकाल देऊ केले. पुढे देण्याची टाळाटाळ झाली, पण फेब्रुवारी १७३९ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतलाच. नंतर प्रतापसिंहराजांच्या काळात आसपासची आणखी गावे मिळाली आणि १७५० च्या सुमारास त्यांची संख्या ८१ झाली. १७६० ते १८१७ या काळात इंग्रजांनी कारैकाल अनेकदा घेतले आणि परत दिले. १८१७ नंतर ते १९५४ पर्यंत फ्रेंचांकडेच राहिले.

आता महिन्यांकडे वळू. या प्रदेशात कालगणना आधीच एकापेक्षा जास्त होत्या. तमिळ शेतकऱ्याचा महिना सौर. सूर्य राशी बदलतो तेव्हा तो सुरू होतो: चित्तिरै एप्रिलच्या मध्याला, आडि जुलैच्या मध्याला, तै जानेवारीच्या मध्याला. तंजावरच्या मराठी घरांत चैत्र-वैशाख हे चांद्र महिने, अमावास्येला संपणारे. ‘आडि’ हा शब्द आषाढावरूनच आलेला, पण तमिळ आडि आणि आपला आषाढ एकाच दिवशी सुरू होतील असे नाही. सरकारी वसुलीसाठी फसली वर्ष होते, ते आणखी निराळे. या गर्दीत कारैकालच्या मुलापुढे शाळेत जाँव्हिये-फेव्रिये आले.

उच्चारांचा त्रास आधी पाहू. तमिळ लिपीत ‘प’ आणि ‘ब’ यांना एकच अक्षर आहे. म्हणजे सेप्ताँब्रमधला प आणि ब, दोन्ही शेजारी असूनही, तमिळ अक्षरांत वेगळे दाखवता येत नाहीत. जाँव्हियेतला पहिला ध्वनी तमिळमध्ये नाही. मराठीत ‘जग’ आणि ‘जमीन’ असे दोन ‘ज’ असूनही तो आपल्याकडेही नाही. ज्वँ आणि ज्विये लिहिताना सारखेच सुरू होतात, म्हणून मुले त्यांत गोंधळतात. ऊतमध्ये लिहिलेली अक्षरे चार, ऐकू येतो जेमतेम एक स्वर आणि कधी शेवटचा त. लहान मुलाला हे शिकवायचे, तर सुरावर म्हणून घेण्यापलीकडे फारसा इलाज नाही.

खरी अडचण अर्थाची. फ्रान्समधल्या मुलाला देसाँब्र म्हटले की बर्फ दिसतो, ज्विये म्हटले की उन्हाळ्याची सुट्टी. कावेरीच्या मुलाला काय दिसणार? कारैकालला मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे देसाँब्र हा त्याच्यासाठी चिखलाचा आणि वादळांचा महिना. जाँव्हियेच्या मध्यात पोंगल येतो, सांबा भाताची कापणी असते. ऊतच्या दोन-तीन तारखेला आडि महिन्याचा अठरावा दिवस पडतो, त्या दिवशी बायका-मुले वाढत्या कावेरीची पूजा करतात. माझ्या मते या गावांत फ्रेंच महिने शिकवण्याचा शहाणा मार्ग नदीच्या वेळापत्रकातून जातो, हिमवर्षावाच्या चित्रांतून नाही.

येथे एक न घडलेली गोष्ट बघा. क्रांतीनंतर फ्रान्सने जुनी महिन्यांची नावे टाकून दिली आणि १७९३ च्या शरदात अर्थपूर्ण नवी नावे आणली: निवोज म्हणजे बर्फाचा, प्लुव्हियोज पावसाचा, मेसिदोर कापणीचा, तेर्मिदोर उष्णतेचा. प्रत्येक महिना बरोबर तीस दिवसांचा, वरचे पाच-सहा दिवस वेगळे. अभियंत्याला आवडावी अशी रचना. पण ही नावे पॅरिसमध्ये ठरत होती त्याच्या थोडे आधी, ऑगस्ट १७९३ मध्ये, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली होती आणि कारैकालही गेले होते. नेपोलियनने ही कालगणना १ जानेवारी १८०६ पासून रद्द केली, आणि फ्रेंच कारैकालला परतले ते १८१७ मध्ये. त्यामुळे तिथल्या कारभारात निवोज कधी आलाच नाही. आला असता तर पावसाचा प्लुव्हियोज जानेवारीच्या अखेरीपासून, ऐन कोरड्या दिवसांत, पडला असता. कापणीचा मेसिदोर जून-जुलैत, म्हणजे कुरुवै भाताच्या पेरणी-लावणीच्या वेळी. जाँव्हियेला असा काही अर्थ चिकटलेला नाही. तो एका रोमन देवाचे नाव आहे हे फ्रेंच मुलालाही सांगावे लागते. सेप्ताँब्रमधला ‘सप्त’ तर नवव्या महिन्यावर बसलेला आहे, कारण रोमनांचे जुने वर्ष मार्चपासून मोजले जाई. अर्थ नसलेली नावे कुठेही नेता येतात, आणि कारैकालला तीच पोहोचली.

पण ती नावे लहानपणी येणे महत्त्वाचे का होते? कारण फ्रेंच सत्ता माणसाला ओळखत होती ती जन्मनोंदीच्या वहीतून. १८८० च्या सुमारास भारतीय प्रजेसाठीही जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नागरी नोंद लागू झाली. १८८१ च्या सप्टेंबरमधील हुकूमनाम्याने आणखी एक वाट दिली: जो भारतीय आपला जातिधर्माचा वैयक्तिक कायदा सोडेल आणि आडनाव घेईल त्याला फ्रेंच नागरी कायदा लागू होईल. फ्रेंच नोंदीत तारीख अंकांत नव्हे, अक्षरांत लिहिण्याची पद्धत. वर्ष, दिवस, महिना, सगळे शब्दांत. बापाला ठाऊक असते ते आडि महिना आणि मुलाचे नक्षत्र. वहीत मात्र ज्विये किंवा ऊत यांपैकी एकच लिहायचे, आणि आडि तर या दोहोंवर अर्धा-अर्धा पसरलेला. आडिच्या पंधराव्या दिवसाचे आणि सतराव्या दिवसाचे मूल वेगवेगळ्या फ्रेंच महिन्यांत जाते. शाळेत जाणारे पोर असेल तर घरात कोणाला तरी ती ओळ वाचता येई. नसेल तर कारकुनाने काय लिहिले हे कळायला मार्ग नव्हता. शाळा पाहिलेली मुले थोडीच होती, हेही विसरू नका.

या वह्यांवर पुढे बरेच अवलंबून राहिले. कारैकालहून मजूर रियुनियन आणि कॅरिबियन बेटांवर गेले. पुढच्या पिढ्यांतले लोक सैन्यात आणि इंडोचायनातल्या नोकऱ्यांत गेले. निवृत्तिवेतन, वारसा, विवाह, सगळीकडे जन्मनोंदीचा उतारा मागितला जाई.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी कारभार भारताकडे आला. १९५६ चा करार १६ ऑगस्ट १९६२ रोजी अमलात आला. त्यानुसार या वसाहतींत जन्मलेले व तिथेच राहणारे फ्रेंच नागरिक आपोआप भारतीय झाले. ज्यांना फ्रेंच राहायचे होते त्यांना लेखी निवड कळवायला सहा महिने दिले होते. ऊतच्या मध्यापासून फेव्रियेच्या मध्यापर्यंत. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत निर्णय पालकांचा. म्हणजे मूल सज्ञान की अज्ञान, हे पुन्हा त्या अक्षरी तारखेवरच ठरणार.

करारातले आणखी एक कलम सांगून थांबतो: लोकप्रतिनिधी वेगळे ठरवेपर्यंत या प्रदेशाची अधिकृत भाषा फ्रेंच राहील असे त्यात लिहिले होते. आज गावांतल्या शाळांत तमिळ आणि इंग्रजी चालतात. तरी कारैकालमध्ये फ्रेंच नागरिकांची कुटुंबे अजून आहेत आणि फ्रान्सच्या निवडणुकांच्या दिवशी तिथे मतदानकेंद्र उघडते. फ्रान्सकडून निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयात असल्याचा दाखला ठरावीक काळाने पाठवावा लागतो.