छऱ्याचे माप

शिकारीचे वाङ्मय म्हटले की डोळ्यांपुढे मचाण येते, आमिषाला बांधलेले रेडकू येते आणि अखेर वाघ येतो. तितर, लावा, ससा, बदक यांच्या वाट्याला त्या वाङ्मयात एखादे वाक्य येते, तेही बहुधा रात्रीच्या जेवणाच्या ओघात. ही उपेक्षा आम्हांला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे. वाघाच्या शिकारीत प्रश्न धैर्याचा असतो, लहान शिकारीत तो मापाचा असतो; आणि मापाचा प्रश्न विचाराच्या दृष्टीने अधिक अवघड आहे. ज्या वस्तूसाठी बार काढायचा ती वस्तू त्या बारानेच नाहीशी होऊ नये, एवढीच त्यातली अट. ही अट पाळण्यासाठी माणसाने जो खटाटोप केला, त्याच्या इतिहासात पाखरू आपल्याला कशासाठी हवे होते याचे उत्तर दडलेले आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आम्ही स्वतः कधी बंदूक हाती धरलेली नाही. तरीही त्यामागचे गणित समजायला कठीण नाही. एका काडतुसात शिशाचे वजन जवळजवळ ठरलेले असते. प्रश्न असतो तो ते शिसे किती तुकड्यांत वाटायचे, हा. इंग्रजी मापात एका औंसात चार नंबरचे छर्रे १७०, सहा नंबरचे २७० आणि आठ नंबरचे ४५० बसतात. नंबर वाढतो तसा छर्रा बारीक होतो. बारीक छर्रे दाट पसरतात, पण प्रत्येकाचा जोर थोडा आणि वेग लवकर ओसरणारा. जाड छर्रा दूरवर जोराने पोहोचतो, मात्र त्यांचे जाळे विरळ असल्याने लाव्यासारखा इवलासा पक्षी मधल्या फटीतून सुखरूप निसटतो. व्यास दुप्पट केला की वजन आठपट होते, म्हणून मापातला बारीकसा फरकही परिणामात मोठा ठरतो. लाव्यासाठी आठ, तितरासाठी सहा किंवा सात, सशासाठी चार किंवा पाच, अशी ढोबळ परंपरा त्यातून रूढ झाली. चुकीच्या मापाची शिक्षा मात्र शिकाऱ्याला होत नसे. छर्रा जाड असेल तर पाखराच्या चिंध्या होत. बारीक असेल तर ते जखमी होऊन झुडपात शिरे आणि तेथे सावकाश मरे.

येथे भाषांतरकारांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. इंग्रजांचा सहा नंबर आणि अमेरिकनांचा सहा नंबर एक नव्हेत. अमेरिकन सहाचे छर्रे औंसात २२५च भरतात. अंक जसाच्या तसा उतरवला की भाषांतर शब्दशः बरोबर आणि वस्तुतः चूक होते. आपल्या भाषांतरांत असे किती ‘सहा नंबर’ पडून असतील, कोण जाणे!

पण छर्रा मापात ओतता येणे, हीच मुळात मोठी अडचण होती. रॉबर्ट हुक यांच्या १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या सूक्ष्मदर्शकावरील विख्यात ग्रंथात प्रिन्स रूपर्ट यांची छर्रे करण्याची रीत दिलेली आहे. वितळलेल्या शिशात हरताळ मिसळायचा आणि ते शिसे भोकांच्या भांड्यातून थेंबाथेंबाने पाण्यात पाडायचे. हरताळ हा शब्द वाचून आम्ही थबकलो. आपल्याकडे पोथीचा लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देई, आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. तेच द्रव्य तिकडे शिशाचा थेंब गोल करण्याच्या कामी येत होते. त्यातला आर्सेनिक हा घटक थेंबाला गोलाई धरायला मदत करतो. तरीही पाण्याशी लगेच गाठ पडल्याने थेंब चपटा होई, नाहीतर त्याला शेपूट राही.

यावरचा उपाय ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स नावाच्या एका प्लंबरला सुचला. त्याने १७८२ मध्ये पेटंट घेतले. ते त्याला स्वप्नात दिसले अशी दंतकथा आहे (काही तर ते स्वप्न त्याच्या बायकोला पडले असे सांगतात). आम्हांला या कथेपेक्षा त्याने पुढे केलेला उद्योग अधिक रंजक वाटतो. त्याने राहत्या घरावरच मनोरा चढवला आणि उंचावरून शिसे खाली सोडले. पडता पडता थेंब आपल्याच पृष्ठताणाने गोल होतो, थोडा निवतो, आणि मग पाण्यात पडला तरी त्याचा आकार बिघडत नाही. पुढे असे छर्रे उतरत्या फळीवरून सोडून निवडत; गोल असेल तो वेगाने पुढची फट ओलांडी, वेडावाकडा असेल तो फटीत पडे. वॉट्सचा मनोरा १९६८ साली पाडला गेला. चेस्टर येथला १७९९ चा मनोरा मात्र उभा आहे. गोल आणि एकसारखा छर्रा स्वस्तात मिळू लागल्यावरच ‘नंबर’ या कल्पनेला अर्थ आला.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात दारू, डाट आणि छर्रे शिकारी आपल्या हाताने भरी. आज काय भेटेल याचा अंदाज घरून निघतानाच करावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार काडतुसे आली आणि तो अंदाज डब्यावरच्या आकड्यात जाऊन बसला.

याच शतकात छऱ्याला एक निराळा गिऱ्हाईक मिळाला. त्याला पाखरू ताटात नको होते, टेबलावर हवे होते. ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ची चित्रे (१८२७–१८३८) काढणारे ऑड्युबन पक्षी मारूनच चितारीत, आणि पिसारा फाटू नये म्हणून बारीक छर्रे वापरीत. संग्राहकांच्या भाषेत ‘डस्ट शॉट’, म्हणजे धुळीएवढा छर्रा, हा शब्द येतो तो याच गरजेतून.

भारतात या संग्राहकांचे अग्रणी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरवणारे तेच हे ह्यूम. पक्ष्यांचे नमुने कसे गोळा करावेत, कसे टिकवावेत यावर त्यांनी १८७४ मध्ये एक हातपुस्तक लिहिले होते. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. पण सिमल्याच्या घरातून त्यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते नोकराने रद्दीत विकली. ह्यूम खचले आणि पाऊण लाखाहून अधिक नमुन्यांचा आपला संग्रह त्यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. उत्तरायुष्यात ते शाकाहारी झाले. साहित्याच्या अभ्यासकाला या हकिकतीत चुटपूट लावणारे काही आहे. लिहिलेले गेले आणि मारलेले उरले. पक्ष्यांची कातडी आजही एखाद्या संहितेसारखी वाचता येतात, आणि ती वाचता येतात याचे एक कारण असे की, मारताना कोणीतरी माप नीट निवडले होते. त्यांना मारायलाच हवे होते का, हा प्रश्न अर्थात त्याने मिटत नाही.

सालिम अली यांच्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ (१९८५) या आत्मचरित्राचे नाव ज्या चिमणीवरून पडले, ती त्यांनी लहानपणी एअरगनने पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. हाती एअरगनऐवजी जाड छऱ्यांची बंदूक असती, तर दाखवायला तो डाग उरला असता का?

आतापर्यंत आम्ही लागलेल्या छऱ्यांविषयी बोललो. पण एका बारातले बहुतेक छर्रे लागतच नाहीत. ते तळ्यात, चिखलात पडतात. बदके अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि त्यांना खडा व छर्रा यांतला भेद कळत नाही. पेषणीत शिसे झिजते, रक्तात उतरते आणि नेम चुकलेला पक्षी काही आठवड्यांनी मरतो. जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी ही गोष्ट १८९४ मध्येच छापली होती. १९५९ मध्ये बेलरोझ यांनी अंदाज मांडला की, उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दरवर्षी दोन ते तीन टक्के असे मरतात. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा अमेरिकाभर बंद व्हायला १९९१ साल उजाडावे लागले. ग्रिनेल यांच्या लेखापासून हे अंतर ९७ वर्षांचे आहे. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे सर्वच शिकारीत बंद केले, आणि युरोपीय संघातल्या पाणथळ जागांपुरती बंदी २०२३ मध्ये लागू झाली. पोलाद शिशापेक्षा हलके, त्यामुळे तोच जोर हवा तर छर्रा दोन नंबर जाड घ्यावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेली कोष्टके शिकाऱ्यांना पुन्हा पाठ करावी लागली.

आपल्याकडे ती वेळ आलीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘लहान शिकार’ असा एक वर्ग होता आणि तिच्यासाठी परवाना मिळत असे. ती परवान्याची तरतूद १९९१ च्याच दुरुस्तीने काढून टाकली.