शिकारी ते संवर्धक : माधवराव पाटील डोंगरवार आणि नवेगावबांध

भारतातील वन्यजीव संरक्षणाचा इतिहास सामान्यतः शासकीय निर्णयांच्या क्रमाने मांडला जातो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७३ चा व्याघ्र प्रकल्प आणि विदर्भापुरते पाहता १९७५ मध्ये अस्तित्वात आलेले नवेगाव राष्ट्रीय उद्यान, हे त्यातील टप्पे होत. या मांडणीत नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवार यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. एकेकाळी शिकारी असलेल्या माधवरावांनी पुढे याच अरण्याच्या रक्षणाचा ध्यास घेतला.

या परिवर्तनाची पार्श्वभूमी स्थानिक आहे. नवेगावचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. तलावबांधणीत निष्णात असलेल्या कोहळी समाजामुळेच भंडारा-गोंदियाचा परिसर तलावांचा प्रदेश म्हणून ओळखला गेला. पाणी, धानाची शेती आणि जंगल यांची येथे एकत्र घडण झाली. पाणवठा, पाऊलखूण, विष्ठा, वाऱ्याची दिशा, वानरांचा इशारा हे सारे शिकाऱ्याला वाचता यावे लागते. जनावर मारण्यासाठी कमावलेली ही विद्या ते राखण्यासाठीही तितकीच उपयोगी पडते. म्हणूनच शिकारी व संवर्धक यांत केवळ हृदयपरिवर्तन पाहणे अपुरे ठरते.

जिम कॉर्बेट यांच्याशी तुलना येथे उद्बोधक आहे. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारणाऱ्या कॉर्बेट यांनी आपले अनुभव स्वतः इंग्रजीत लिहिले. मृत्यूनंतर राष्ट्रीय उद्यानालाही त्यांचे नाव मिळाले. माधवरावांचे अरण्यज्ञान मराठी वाचकांपर्यंत पोचले ते प्रामुख्याने मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून. नवेगावला वनाधिकारी म्हणून आलेल्या चितमपल्लींनी त्यांना गुरुस्थानी मानले. प्रशिक्षित अधिकाऱ्याने गावच्या पाटलाकडून जंगल शिकावे, ही घटना प्रस्तुत लेखकाला उद्यानाच्या अधिसूचनेइतकीच महत्त्वाची वाटते.

तथापि, शिष्याने आदराने लिहिलेल्या आठवणी हे साधन म्हणून चिकित्सेची अपेक्षा करतात. शिवाय पाटलाच्या ज्ञानामागे गोंड व ढीवर यांचे ज्ञान उभे असते. जंगल राखीव झाल्यावर त्यांच्या वहिवाटीचे काय झाले, हा प्रश्न संवर्धनाच्या गौरवगाथेत सहसा येत नाही. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. २०२५ मध्ये चितमपल्लीही निवर्तले. नवेगावच्या परिसरातील वृद्धांच्या स्मृती नोंदविण्याचे काम नागपूर, भंडारा व गोंदिया येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना अजूनही करता येईल.