परीकथा, बालगीत आणि ज्यूसंहार : दोन कादंबऱ्यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना : जेथून कोणी जिवंत परतले नाही, तेथील अनुभवाची नोंद कशी करावी, हा ज्यूसंहाराच्या इतिहासलेखनातील मूलभूत प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने दोन इंग्रजी कादंबऱ्यांचा विचार केला असून, त्यांपैकी एकीचा संबंध महाराष्ट्राशी आहे.

परीकथेचा आधार : जेन योलेन यांच्या 'ब्रायर रोझ' (१९९२) या कादंबरीतील आजी नातींना निद्रिस्त राजकन्येची कथा सांगते. काटेरी कुंपण, विषारी धुके आणि किल्ला यांचा खरा अर्थ तिच्या मृत्यूनंतर पोलंडमधील चेल्मनो येथे उलगडतो. तेथे डिसेंबर १९४१ पासून विषारी वायूच्या गाड्यांत दीड लाखांहून अधिक लोक मारले गेले. मात्र तेथून एकही स्त्री वाचल्याचे आपणास ठाऊक नाही, असे लेखिका स्वतःच अखेरीस नमूद करते. नायिकेची सुटका ही परीकथेची देणगी आहे, इतिहासाची नव्हे.

महाराष्ट्रातील संदर्भ : अनिता देसाई यांच्या 'बौमगार्टनर्स बॉम्बे' (१९८८) मध्ये परीकथेची जागा जर्मन बालगीते घेतात. बर्लिनमधून भारतात आलेला ज्यू ह्यूगो युद्धकाळात 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' ठरतो व सहा वर्षे स्थानबद्ध राहतो. आईची त्रोटक पत्रे थांबतात. उरतात ती तिच्याकडून ऐकलेली गाणी. ज्या भाषेत आईने जोजवले, तीच छळ करणाऱ्यांचीही भाषा होती.

या कथानकास वास्तवाचा आधार आहे. १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने जर्मन नागरिकांना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत ठेवले. पुण्यानजीकच्या पुरंदर किल्ल्यावरही काही कुटुंबे स्थानबद्ध होती. पारपत्रावरील राष्ट्रीयत्व हाच निकष असल्याने नाझी समर्थक आणि नाझींपासून पळालेले ज्यू एकाच वर्गात गणले गेले.

निष्कर्ष : शासकीय कागदपत्रांतून स्थानबद्धाचा वर्ग कळतो, त्याने काय गमावले ते कळत नाही. ती उणीव ललित साहित्य भरून काढते. परंतु त्यास पुरावा मानता येत नाही. योलेन यांची प्रांजळ कबुली म्हणूनच महत्त्वाची ठरते. देसाई यांच्या कादंबरीत तर सुटकेचा दिलासाही नाही : युद्धातून वाचलेला ह्यूगो अखेर मुंबईत एका जर्मन तरुणाकडूनच मारला जातो. अहमदनगर म्हणताच १९४२ मधील राष्ट्रीय नेत्यांचा कारावास आणि पुरंदर म्हणताच १६६५ चा तह आठवतो. या निर्वासितांचे प्रकरणही त्याच स्थानिक इतिहासाचा भाग आहे, याची जाणीव अभ्यासकांनी ठेवावयास हवी.