'पगार' : तहातून आलेला शब्द

मायदेशाहून फोन आला की वडीलधाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "पगार वाढला का?" आपण इथे ज्याला 'पे' म्हणतो त्याचे आणि या 'पगारा'चे नाते केवळ अर्थापुरते नाही. दोन्ही शब्द एकाच घरातले, आणि ते घर रोमचे!

लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांतता, तह. त्यावरून 'पाकारे', म्हणजे शांत करणे, हे क्रियापद झाले. रोमनांची ही शांतता बहुधा तलवारीची असे. इ. स. पूर्व ५८ पासून गॉल जिंकणाऱ्या ज्युलियस सीझरने आपल्या वृत्तांतात हेच क्रियापद वापरले आहे. जिंकलेला मुलूख म्हणजे 'शांत केलेला' मुलूख.

उत्तरकालीन लॅटिनमध्ये हा शब्द रणांगणावरून सावकाराच्या ओटीवर आला. देणे मिळाले की सावकार शांत होतो, तंटा मिटतो. म्हणून 'शांत करणे' म्हणजेच 'देणे चुकते करणे'. इटालियनमध्ये 'पागारे', स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये 'पागार', फ्रेंचमध्ये 'पेये'. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या फ्रेंचमधून पुढे इंग्रजीला 'पे' मिळाला.

मूळ अर्थही पुसला गेला नाही. रुमानियन भाषेत 'इंपका' म्हणजे समेट घडवणे. पैसे देण्यासाठी तिने स्लाव्ह शब्द घेतला. स्पॅनिश 'आपागार' म्हणजे दिवा किंवा आग विझवणे, तर इटालियन 'आप्पागारे' म्हणजे तृप्त करणे. आपल्याला याचे नवल वाटू नये. मराठी माणूस तहानही भागवतो आणि हॉटेलचे बिलही भागवतो!

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले, १५३४ मध्ये वसई मिळवली. त्या सहवासात पाव, चावी, बटाटा यांच्याबरोबर 'पगार'ही मराठीत आला. तिकडचे क्रियापद इकडे नाम झाले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पण शब्द काही आपण परत केले नाहीत.

पगाराच्या पोटात तह दडलेला आहे, हे मालक-नोकर दोघांनीही विसरू नये. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९८२ चा संप पगारवाढीसाठीच होता. तो तह झाला नाही आणि हजारो संसार उघड्यावर आले. माणसे शांत करायच्या दोन रीती या एका शब्दाने पाहिल्या : तलवारीची आणि देणे चुकते करण्याची. दुसरी रीत जिथे पाळली जाते, तिथेच पहिलीची गरज पडत नाही.