बोटीवरून उतरून एक दिवस : जुने गोवे

क्रूझ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भूमध्य समुद्र उभा राहतो. सकाळी जहाज चिविताव्हेकिया बंदराला लागते, प्रवासी सुमारे ८० किलोमीटरवरील रोमला धावत जातात, संत पेत्राच्या महामंदिरात गुडघे टेकतात आणि संध्याकाळी पुन्हा धक्क्यावर परततात. माल्टाच्या व्हालेटा बंदरात उतरणाऱ्याला ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील संत पौलाच्या जहाजाचे फुटणे आठवते. असा प्रवास प्रत्येकाच्या आवाक्यात नसतो. परंतु भूमध्य समुद्राशी शतकानुशतके नाते सांगणारे एक ऐतिहासिक बंदर आपल्याच किनाऱ्यावर आहे, आणि मुंबईहून निघणारी प्रवासी जहाजे आपल्याला त्याच्या अगदी जवळ नेऊन सोडतात. ते बंदर म्हणजे जुने गोवे.

नागपूरच्या रामदासपेठेत किंवा सदरमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला समुद्र पाहावयाचा तर आधी आठशेहून अधिक किलोमीटरचा आगगाडीचा प्रवास करून मुंबई गाठावी लागते. एवढा खर्च व खटाटोप केल्यावर गोव्याच्या धक्क्यावर मिळणारे सात-आठ तास केवळ खरेदीत व छायाचित्रांत जाऊ नयेत, अशी आमची इच्छा आहे. त्या दृष्टीने ही माहिती येथे एकत्र देत आहोत.

मुरगाव : आजचे बंदर

मुंबई-गोवा समुद्रप्रवास मराठी माणसाला नवा नाही. कोकण किनाऱ्याने पणजीपर्यंत जाणाऱ्या आगबोटी अनेकांच्या स्मरणात आहेत. २०१८ साली ‘आंग्रिया’ हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले. ते २०२० साली थांबले. २०२१ पासून मोठी क्रूझ जहाजे मुंबईहून गोव्याकडे जाऊ लागली. ही जहाजे जुन्या गोव्याला नव्हे, तर झुआरी नदीच्या मुखाशी असलेल्या मुरगाव बंदरात, वास्को शहरालगत लागतात. तेथून जुने गोवे रस्त्याने सुमारे ३० ते ३५ किलोमीटर आहे. जाण्यास एक तास व येण्यास एक तास धरावा. झुआरीवरील नवा पूल डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाल्यामुळे पूर्वीची कोंडी बरीच कमी झाली आहे.

येथे नावांचा एक घोटाळा ध्यानात ठेवावा. वाटेत ‘गोवा वेल्हा’ नावाचे गाव लागते. ते कदंब राजांच्या काळातील गोपकपट्टण बंदराचे स्थान होय. आपल्याला जावयाचे आहे ते मांडवी नदीकाठच्या जुन्या गोव्याला, म्हणजे ‘ओल्ड गोवा’ येथे. टॅक्सीवाल्याला ‘बॉम जेझूस’ असे सांगितले की चूक होत नाही.

मांडवीकाठचे जुने बंदर

आदिलशाहीतील हे भरभराटीचे शहर आफोन्सो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणादिवशी जिंकले. त्या स्मरणार्थ बांधलेले संत कॅथरिनचे चॅपेल आजही नदीच्या बाजूस आहे. लिस्बनहून आलेली जहाजे मांडवीतून थेट शहरापर्यंत येत. नवा व्हाईसरॉय ज्या कमानीखालून शहरात प्रवेश करी, ती ‘व्हाईसरॉयची कमान’ फ्रान्सिस्को द गामा याने आपला पणजोबा वास्को द गामा याच्या स्मरणार्थ उभारली. तिची १९५४ साली पुनर्बांधणी झाली. समुद्रमार्गे आलेल्या आजच्या प्रवाशाने या कमानीपाशी दोन मिनिटे थांबावे. कारण जुन्या शहराचा खरा दरवाजा हाच होता.

साथीच्या रोगांनी हे शहर हळूहळू ओस पडले. सत्तेचे केंद्र पणजीकडे सरकले आणि १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. घरे, वाडे, बाजार नाहीसे झाले. उरली ती बहुतांशी प्रार्थनामंदिरे. १९८६ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

काय पाहावे, कोणत्या क्रमाने

बॉम जेझूस बॅसिलिका : येथूनच सुरुवात करावी. १५९४ साली पायाभरणी होऊन १६०५ साली हे मंदिर पवित्र करण्यात आले. गोवेकर ज्यांना प्रेमाने ‘गोंयचो सायब’ म्हणतात, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष येथे आहेत. संत १५४२ साली गोव्यात आले; ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर त्यांचे देहावसान झाले आणि मार्च १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणण्यात आला. चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ साली घडविली. तिच्याखालील संगमरवरी समाधी मात्र इटलीची आहे. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने ती दिली, फ्लोरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने ती घडविली आणि १६९८ साली ती येथे बसविण्यात आली. भूमध्य समुद्राच्या काठची कला व गोव्याची चांदी एकाच वेदीपाशी पाहावयास मिळते, ती येथे. अवशेषांचे जाहीर दर्शन दहा वर्षांनी एकदा होते. शेवटचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. एरवी पेटी उंचावर असते व भाविक खालून प्रार्थना करतात. मंदिराच्या बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढण्यात आला. त्यामुळे दिसणारा तांबडा जांभा दगड मोहक असला, तरी गोव्याच्या पावसात तो झिजतो, ही काळजीची बाब आहे.

से कॅथीड्रल : रस्त्याच्या पलीकडेच संत कॅथरिन यांना समर्पित हे महामंदिर आहे. त्याचे काम १५६२ मध्ये सुरू झाले व मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ आहे. गोव्याचे महागुरुस्वामी फिलिप नेरी फेर्रांव यांना २७ ऑगस्ट २०२२ रोजी कार्डिनलपद प्राप्त झाले. त्यांच्या महाधर्मप्रांताचे हे महामंदिर होय.

संत कायेतान चर्च : इटलीहून आलेल्या थिएटाईन धर्मगुरूंनी सतराव्या शतकात रोममधील संत पेत्राच्या महामंदिराच्या धर्तीवर हे बांधले. ज्यांना रोमला जाणे जमले नाही, त्यांनी हे अवश्य पाहावे.

पवित्र टेकडी : थोडी चढण आहे, वृद्धांना वाहनाने न्यावे. येथे संत ऑगस्टीनच्या चर्चचे भग्नावशेष व सुमारे ४६ मीटर उंचीचा उरलेला मनोरा आहे. मठ १८३५ साली बंद झाला आणि १८४२ मध्ये छत कोसळले. १६२४ साली इराणमध्ये श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या जॉर्जियाच्या राणी केतेवान यांचे अवशेष याच ठिकाणी २००४ साली सापडले. पुढे डीएनए तपासणीने त्याला दुजोरा मिळाला आणि जुलै २०२१ मध्ये भारताने त्यांतील एक भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला. शेजारीच सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे.

मराठी भाविकांचे विशेष नाते

जुने गोवे आपल्या भाषेच्या इतिहासाशीही निगडित आहे. १५५६ साली येथील संत पॉल कॉलेजात भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने सासष्टीत राहून ‘ख्रिस्तपुराण’ हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचला. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. प्रभू येशूचे चरित्र मराठीत गाणारा हा ग्रंथ आपला वारसा आहे.

परंतु इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, येथे इन्क्विझिशनचे न्यायासन होते व त्याने पुष्कळांना यातना दिल्या. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने जवळचे जुवे बेट घेतले, तेव्हा व्हाईसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने संत झेवियर यांच्या समाधीपाशी आपला अधिकारदंड ठेवून रक्षणाची याचना केली. त्याच व्हाईसरॉयने पुढच्याच वर्षी, १६८४ मध्ये, स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. स्टीफन्सने जी भाषा प्रभूच्या स्तुतीस योग्य मानली, तिलाच सत्तेने परके ठरविले. मुलाबाळांना ही मंदिरे दाखविताना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, असे आम्हांस वाटते. श्रद्धेला सत्याचे भय नसते.

परतीच्या वाटेवर

वेळ असल्यास दोनपैकी एक ठिकाण निवडावे. दोन्ही घाईत उरकू नयेत. पिलारच्या टेकडीवर वंदनीय आग्नेल डिसोझा यांची समाधी आहे. १९२७ साली निवर्तलेल्या या धर्मगुरूंच्या नावाच्या संस्था महाराष्ट्रातही परिचित आहेत. बंदराच्या अधिक जवळ सांकवाळ येथे संत जोसेफ वाझ यांचे तीर्थस्थान आहे. श्रीलंकेत छळाच्या काळात ख्रिस्तसभा जिवंत ठेवणाऱ्या या गोमंतकीय धर्मगुरूंना पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे संतपद दिले.

काही उपयुक्त सूचना

जहाज सुटण्याच्या वेळेऐवजी जहाजावर परतण्याची जी शेवटची वेळ सांगितली जाते, ती लिहून घ्यावी व तिच्या एक तास आधी बंदराच्या फाटकाशी असावे. स्वतः केलेल्या टॅक्सीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. बंदरात पुन्हा प्रवेशासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र व जहाजाचे कार्ड जवळ बाळगावे. टॅक्सीचे भाडे जाण्या-येण्याचे व थांबण्याचे मिळून आधीच ठरवावे. खांदे व गुडघे झाकणारा साधा पोशाख असावा. मिस्सा चालू असताना छायाचित्रे घेत हिंडू नये. शक्य असल्यास मिस्सात सहभागी व्हावे. तेथील उपासना बहुधा कोकणीत असते, पण मराठी माणसाला ती पुष्कळशी समजते. ३ डिसेंबरच्या फेस्ताला व त्याआधीच्या नोव्हेनाच्या दिवसांत अलोट गर्दी असते. त्या वेळी एका दिवसात सारे पाहणे शक्य नसते, हे जाणून प्रार्थनेसच वेळ द्यावा.

एका दिवसात जुने गोवे पुरे पाहून होत नाही. तथापि बॉम जेझूसमध्ये अर्धा तास शांत बसता आले आणि घरच्या मुलांना फादर स्टीफन्स यांचे नाव कळले, तरी तो दिवस सार्थकी लागला असे आम्ही समजू. नागपूरहून निघणाऱ्या सर्व यात्रेकरूंना आमच्या प्रार्थनापूर्वक शुभेच्छा!